आरसा अडकला तो वैशाख

वैशाख तापला की माझ्या टेबलावर अडकलेले कॅमेरे यायला लागतात. एरवी महिन्या-दोन महिन्यांतून एखादा. पण सांगलीच्या रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटायला लागलं, दुपारी माणसं दुकानांची शटरं अर्धी ओढून आत पडून राहायला लागली, की कुणीतरी जिना चढून येतंच. परवा एक कॉलेजातली मुलगी आली. हल्ली ह्या पोरांना फिल्मच्या कॅमेऱ्यांचं वेड लागलंय. जुन्या बाजारातून घेतलेला कॅमेरा तिनं ओढणीत गुंडाळून आणला होता.

"काकू, बटण दाबलं आणि सगळं काळंच झालं. आतून काही दिसत नाही आणि रोल पुढं घ्यायचा खटकाही फिरत नाही. मेला का हा?"

मी लेन्स फिरवून काढली. आतला आरसा वर जाऊन तसाच बसला होता. फोटो काढताना तो क्षणभर वर उचलला जातो, उजेडाला वाट देतो आणि लगेच खाली येतो. वर आपटून तडकू नये म्हणून तिथं स्पंजाची एक बारीक पट्टी लावलेली असते. वर्षानुवर्षांनी त्या स्पंजाचं डांबर होतं. थंडीत ते गप्प असतं. उन्हानं पाघळलं की आरशाला धरून ठेवतं, आणि आरसा खाली आल्याशिवाय पुढचं काहीच हलत नाही.

"मेला नाही," मी म्हटलं. "धरून ठेवलंय त्याला."

लाकडी काडीच्या टोकानं मी आरशाची कड सोडवली. काळ्या चिकट तारा लांबल्या, तुटल्या. आरसा खाली पडला, आत फिल्मसमोर उघडाच अडकलेला पडदा खट्‌कन मिटला, खटका मोकळा झाला. मुलगी टाळी वाजवून हसली. "काकू, हे तुम्ही कुठं शिकलात?"

"वडूजला," मी म्हटलं. एवढंच म्हटलं. विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत, हात बांधलेल्या खुन्यासमोर बसून शिकले, असं सांगितलं असतं तर पोरगी कॅमेरा टाकून पळाली असती. नवी पट्टी बसवून मी तो तिच्या हातात दिला. ती गेली. बोटांना लागलेलं डांबर मात्र रॉकेलनं धुतलं तरी वास सोडत नव्हतं, आणि त्या वासाबरोबर तो वैशाख जिना चढून वर आला.

त्या वर्षी वडूजकडं आभाळ नुसतं पांढरं होतं. निळं नाही, पांढरं. भट्टीच्या तोंडाशी उभं राहिल्यासारखं ऊन. विहिरींचे तळ दिसायला लागले, तळाचा चिखल वाळून त्याच्या खपल्या झाल्या. टँकर आला की बायका त्याच्या मागं धावत. एकदा आमच्या दुकानासमोर दोघी जावाजावांनी एकमेकींच्या डोक्यात घागरी घातल्या. एकीची भुवई फाटली, आणि रक्त पुसायच्या आधी तिनं घागर पुन्हा नळीखाली धरली. कुत्री पिसाळली होती. बैल दावं तोडून माणसांच्या अंगावर जात होते. सकाळी चहा पितानासुद्धा माणसं भांडल्यासारखी बोलत. सावलीला बसलेल्या म्हाताऱ्याला कुणी "सरका" म्हणालं तरी तो काठी उचलायचा. मला वाटतं, तहान लागली की माणूस आधी पाणी मागतो, मग हक्क मागतो, आणि शेवटी दुसऱ्याचं रक्त मागतो. हे मी कुठं वाचलेलं नाही. त्या वैशाखात बघितलंय.

आमचा फोटो स्टुडिओ होता. आमचे हे, म्हणजे इकबाल, बाहेरची कामं करत: लग्नं, साखरपुडे, जत्रा. मी आतली. पासपोर्टचे फोटो मी काढायची, रोल मी धुवायची, फोटो मी छापायची. त्यातलं एक काम ह्यांना नको असायचं, पण नाही म्हणता यायचं नाही. कुठं मढं सापडलं की पोलीस आम्हाला बोलवत. विहिरीतून काढलेलं, झाडाला लटकलेलं, रस्त्यावर चेंगरलेलं. इकबाल फोटो काढून आणत आणि अंगणात बसून ओकत. मग रोल माझ्याकडं येई. काळ्या खोलीत, लाल दिव्याखाली, औषधाच्या ताटलीत पांढऱ्या कागदावर आधी सावली उमटायची, मग हात, मग उघडं तोंड. लग्नातली नवरी आणि विहिरीतलं मढं, दोन्ही त्याच ताटलीतून वर येत. मेलेली माणसं मी अशी बघितली होती, बोटाएवढी, ओली, गप्प. वास नसलेली.

त्या दिवशी हे मेढ्याला लग्नाच्या फोटोंना गेले होते. चांगला कॅमेरा त्यांच्याकडं. दुकानात जुना होता, जड, धातूचा. उन्हं चढायच्या सुमाराला पोलिसांची जीप थांबली. जमादार उतरले. ओळखीचे होते, वयानं मोठे, पोट सुटलेले.

"भाभी, इकबालभाई कुठं हायत?"

"मेढ्याला. सांजच्याला येतील."

"मग तुमीच चला. खून पडलाय वस्तीवर. मढं उनात हाय, पंचनामा खोळंबलाय."

"आवं, मला न्हाई जमायचं."

"पासपोर्टाचं फोटू काढता न्हवं? ह्यो बी तसलाच. हालत न्हाई."

ते हसले नाहीत. मीही नाही. कॅमेरा गळ्यात घातला, त्यावर फ्लॅश चढवला, पदर खोचला आणि जीपमध्ये बसले. त्या लोखंडी डब्यात कॅमेरा मांडीवर इतका तापला की हात लावताना चटका बसत होता. आतलं डांबर तेव्हाच पाघळायला लागलं असणार. मला ठाऊक नव्हतं.

वस्ती म्हणजे दोन घरं, मध्ये एक विहीर. चुलत भाऊ दोघे. थोरला महादू, धाकटा दत्तू. विहीर सामाईक, मोटार सामाईक. लाईट येईल तेव्हा पाळीपाळीनं पाणी ओढायचं, आणि विहिरीत एकाच्या पाळीपुरतंच उरलेलं. सकाळी लाईट आली, महादूनं मोटार चालू केली, दत्तू फावडं घेऊन आला. एवढंच. जीपमध्ये जमादारांनी सांगितलं ते ह्याहून लांब नव्हतं.

महादू पाटाच्या कडेला पडला होता. पाटात पाणी नव्हतं, पण माती ओली होती, आणि ती पाण्यानं ओली नव्हती. डोक्याची एक बाजू आत गेलेली. माश्या इतक्या की केसच हलतायत असं वाटावं. ताटलीत जे बोटाएवढं दिसायचं ते इथं पुरुषभर लांब होतं, आणि त्याला वास होता. मी कॅमेरा डोळ्याला लावला. खरं सांगते, त्या चौकटीचा आधार वाटला. चौकटीत सगळं पुन्हा लहान झालं.

पहिला फोटो पूर्ण देहाचा. दुसरा डोक्यावरच्या जखमेचा. तिथं सावली पडत होती म्हणून जमादारांनी फ्लॅश मारायला सांगितला. तिसरा शेजारी पडलेल्या फावड्याचा काढायचा होता. बटण दाबलं आणि डोळ्यासमोर काळोख झाला. मला क्षणभर वाटलं, मी आंधळी झाले. कॅमेरा खाली घेतला तर ऊन होतं, मढं होतं, फावडं होतं. पुन्हा लावला तर काळोख. खटका फिरेना.

"काय झालं?" जमादार.

"अडकलाय."

"उरका, भाभी. तिकडनं माणसं यायला लागल्यात."

शेताच्या बांधावरून महादूकडची माणसं येत होती, भावकीतली, सासुरवाडीची. दुसऱ्या अंगानं दत्तूकडची. कुणाच्या हातात काठ्या, कुणाच्या कुऱ्हाडी. पोलीस तिघंच. दत्तूला त्यांनी मोटारीच्या खोलीत बसवला होता, हात त्याच्याच मुंडाशानं पाठीमागं बांधून. ती पत्र्याची खोली, खाट मावेल एवढी. पहिला दगड जीपच्या काचेवर आला. दुसरा जमादारांच्या कपाळावर. रक्त त्यांच्या डोळ्यात उतरलं, आणि त्यांनी मला दंडाला धरून त्या खोलीत ढकललं.

"आत बसा! आतून कडी लावा!"

कडी लावली. पत्र्याच्या फटीतून उजेडाच्या सुऱ्या आत आल्या होत्या. त्या उजेडात मोटार, स्टार्टरची पेटी, आणि कोपऱ्यात दत्तू. तिशीचा असेल. पायावर चुलत भावाचं रक्त वाळलेलं. मी दाराला पाठ लावून उभी राहिले. बाहेर शिव्या, दगड, काठीवर काठी. पत्र्यावर दगड आपटला की कानात घंटा फुटल्यासारखं व्हायचं.

हातांना काहीतरी काम हवं होतं. मी खाली बसले. लेन्स काढली. फटीच्या उजेडात कॅमेरा धरला, तर आरसा वर चिकटलेला. बोट लावलं, तर काळं डांबर बोटाला आलं.

"अडाकलंय व्हय?" दत्तू म्हणाला.

मी केसातला आकडा काढला, त्याचं टोक आरशाच्या कडेखाली घातलं. सुटेना. जोर लावला तर काच फुटेल.

"त्या खोबणीत रॉकेलची बाटली हाय," तो म्हणाला. "स्टार्टरचं काटं पुसायला ठेवलीया. चिकाट सुटंल."

मी बाटली घेतली. पदराचं टोक भिजवून, आकड्याला गुंडाळून त्या डांबरात फिरवायला लागले. रॉकेलचा वास, माझ्या घामाचा वास, त्याच्या अंगावरच्या रक्ताचा वास. तो माझ्या हाताकडं बघत होता.

"माझी पाळी व्हती," तो म्हणाला. "म्हस गाभण हाय. दोन दिस पान्याविना हंबारती. त्यो म्हनला, मरू दे तुझी म्हस. मी म्हनलं, दादा, बंद कर. त्यो हासला." मग पायावरच्या रक्ताकडं बघत, "हासला नसता तर..."

मला त्याची दया आली नाही. भीतीही गेली होती. मला आला तो राग, त्याचा, महादूचा, आभाळाचा, मला तिथं आणणाऱ्या जमादारांचा. दात आवळून मी ते डांबर खरवडत होते. एकाएकी आरसा सुटला आणि खाली पडला. पडदा मिटला. खटका फिरवला, तो फिरला. लेन्स बसवली. फ्लॅशनं बारीक शीळ घालायला सुरुवात केली, म्हणजे तो भरत होता.

आणि दार निखळलं.

कडी पत्र्यासकट आत आली. दारात एक बाई उभी होती. उघडं डोकं, कपाळावरचं कुंकू घामानं नाकापर्यंत ओघळलेलं. हातात फावडं. तेच. महादूची बायको, कमल. पोलीस बाहेर गर्दीशी झोंबत होते आणि ती त्यांच्या मधून निसटून आली होती.

"वैनी," दत्तू म्हणाला. तो उठलासुद्धा नाही.

उन्हातून आल्यामुळं तिला तो लगेच दिसला नसावा. तिनं मान वाकवून कोपऱ्यात बघितलं, आणि फावडं डोक्याच्या वर नेलं. पत्र्याला पातं घासलं. मी तिच्यापासून हातभर अंतरावर बसलेली. मी ओरडायला हवं होतं, तिचे पाय धरायला हवे होते. हातात कॅमेरा होता. तो मी तिच्या तोंडासमोर धरला आणि बटण दाबलं.

त्या अंधाऱ्या खोलीत वीज पडल्यासारखं झालं. फावडं खाली आलं ते स्टार्टरच्या पेटीवर. पेटीचं झाकण फाटलं. कमल जिथल्या तिथं खाली बसली, दोन्ही हात डोळ्यांवर.

"माजं डोळं गेलं! मला दिसंना! आगं बया, मला दिसंना!"

मी फावडं ओढून मांडीखाली घेतलं आणि तिला धरलं. ती मला नखांनी ओरबाडत होती, माझ्या दंडाला चावली. मी सोडलं नाही. मग ती ओरडायची थांबून रडायला लागली. सकाळपासून ती रडली नव्हती, असं नंतर तिच्या भावकीतल्या एका बाईनं सांगितलं. कोपऱ्यात दत्तूही रडत होता. मी दोघांच्या मध्ये, फावड्यावर बसलेली.

पोलिसांची दुसरी गाडी आली तेव्हा जमादार दारात वाकले. कपाळाला रुमाल बांधलेला, तो लाल झालेला.

"भाभी, फावड्याचा फोटू आला का?"

"आला," मी म्हटलं.

रोल मीच धुतला. अडकलेला फोटो उजेड शिरून वाया गेला होता, तो सोडून बाकीचे छापले. तिसरा कागद ताटलीत टाकला, तर आधी पातं उमटलं, मग उघडं तोंड. चेहरा उजेडानं जळल्यासारखा पांढराफटक. डोळे मोठे. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा दुःखाची रेघही नव्हती. होता तो निव्वळ जीव घ्यायचा जोर. लाल दिव्याखाली मी त्या चेहऱ्याकडं बघत राहिले आणि मला वाटलं, त्या मोटारीच्या खोलीत आरसा असता तर डांबर खरवडताना माझाही चेहरा असाच दिसला असता मला.

इकबाल म्हणाले, "कापून टाक हा तुकडा. तिला दोन लेकरं हायत. नवरा गेला, आता ती आत गेली तर?"

"मी जमादारांना सांगितलंय, आला म्हणून."

"मग आता सांग, काळा आला."

"आणि पहिल्या दोन फोटोंचं काय? वकील विचारेल, उरलेला रोल कुठं गेला. एक कापला की तिन्ही खोटे ठरतील. मेलेल्या माणसाचा तेवढाच तर साक्षीदार आहे."

आम्ही भांडलो. हे कधी हात उचलत नसत, पण त्या दिवशी औषधाची ताटली त्यांनी भिंतीवर फेकली. त्या वैशाखानं आमचंही घर सोडलं नाही. शेवटी तिन्ही फोटो पाकिटात घालून मी एकटीच पोलीस ठाण्यात गेले.

तिथल्या साहेबांनी तिसरा फोटो उलटसुलट करून बघितला. कमलवर वेगळा गुन्हा घालायचा म्हणाले. दत्तूला समोर आणलं.

"ही तुला मारायला आली होती ना?"

दत्तूनं फोटो बघितला. बराच वेळ बघितला.

"न्हाई, साहेब. मोटार चालू कराय आली व्हती."

"फावडं उगारून?"

"ती वैनी हाय माझी. काय असंल ते आमचं आमी बगू." मग मान खाली घालून, "पानी द्या म्हनावं तिला. माझी पाळी बी तिलाच द्या."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. "बाई, तुम्ही काय बघितलं?"

"फोटोत आहे ते," मी म्हटलं. "बाकी मी पण फ्लॅशनं दिपले होते."

हे खरं होतं. साहेबांनी फोटो पाकिटात टाकला. कमलवर गुन्हा झाला नाही. दत्तूला पुढं जन्मठेप झाली. माझी साक्ष झाली, पहिल्या दोन फोटोंपुरती.

पण त्या दोन घरांतलं भांडण आमच्या दारात येऊन बसलं. एक बाजू म्हणायची, हिच्या फोटोंनी आमचा माणूस आत गेला. दुसरी म्हणायची, हिनं आमच्या लेकीचा फोटो पोलिसांना दिला. एका सकाळी दुकानाची दर्शनी काच फुटलेली होती, आत लावलेल्या नवरा-नवरींच्या चेहऱ्यांवर काचा रुतलेल्या. कोणी फोडली ते आम्ही विचारलं नाही. इकबालचे थोरले भाऊ सांगलीत होते. पावसाळ्याच्या तोंडाला आम्ही सामान टेम्पोत भरलं आणि इकडं आलो. हे आता नाहीत. जुने कॅमेरे दुरुस्त करायचं काम मी त्यांच्यामागं सुरू केलं, आणि जमत गेलं.

आम्ही सांगलीला आलो त्याच्या पुढच्याच वैशाखात कमल आली. पत्ता तिला जमादारांनी दिला असावा. दोन्ही पोरं गावी ठेवून एकटीच एस्टीनं आलेली. दारात उभी राहिली तेव्हा मी तिला ओळखलं नाही. फोटोतल्या बाईपेक्षा ही खूपच लहान होती, अंगानं आणि वयानंही. माझ्या दंडावरच्या व्रणाकडं तिनं एकदा बघितलं आणि नजर काढून घेतली.

"भाभी, वर्षश्राद्ध हाय. भितीला लावायला त्यांचा फोटू न्हाई."

"लग्नातला?"

"लगीन देवळात झालं. फोटूवाला कुठला. तुमी काढल्याला तेवढाच. त्यातनं तोंड तेवढं काढता येतंय का? डोळं उगडं करून?"

असली कामं तेव्हा आम्ही करत असू. मढ्याच्या फोटोवरून भिंतीवरचा माणूस करायचा. धुतलेला रोल माझ्याकडंच होता, त्यावरून मी पहिला फोटो मोठा केला. चेहऱ्याची एक बाजू शाबूत होती, तिच्यावरून दुसरी रंगवली. माती पुसली, टोपी घातली. बारीक कुंचल्यानं पापण्यांवर काळी शाई धरून डोळे उघडले. चार-सहा दुपारी गेल्या त्यात. मन लावून केलं. शांत, समाधानी चेहरा झाला, भिंतीवरच्या माणसाचा असावा तसा.

ठरल्या दिवशी ती आली. फोटो टेबलावर ठेवला. ती वाकून बघत राहिली. मी तिच्या रडण्याची वाट बघत होते.

"भाभी, ह्ये त्ये न्हवं."

"का गं? नाक, कपाळ, सगळं तर..."

"समदं हाय. पन नजर. आसं गाईवानी त्यांनी कवाच बगितलं न्हाई. लय तापट मानूस. बैलाला मारायचं, मला मारायचं. दत्तूभावजीस्नी तर एकडाव हिरीत ढकलाय निगालं व्हतं." तिनं फोटो माझ्याकडं सरकवला. "राग घाला, भाभी. न्हाईतर पोरं इचारत्याल, ह्यो कोन?"

मी कुंचला पुन्हा शाईत बुडवला. भुवया खाली ओढल्या. डोळ्यांच्या कडा गडद केल्या.

"आजून," ती म्हणाली.

नाकपुड्यांजवळ सावली दिली. बुबुळांतला उजेडाचा ठिपका बारीक केला, अगदी टाचणीच्या टोकाएवढा.

"आजून."

मी ओठांच्या कोपऱ्यात एक रेघ ओढली आणि कुंचला बाजूला ठेवला. फोटो तिच्याकडं वळवला.

कमलनं झटकन डोक्यावर पदर ओढला आणि टेबलापासून एक पाऊल मागं सरकली.

"हां," ती म्हणाली. "ह्ये त्ये."